खांड भरेपर्यंत

मैनाने दिनानाथच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, सुई टोचली, औषध आत सोडलं, आणि सुई बाहेर काढते न काढते तोच गल्लीत थाळी बडवल्याचा आवाज आला.

"खांड पडली! मोठ्या बांधाला खांड पडली रं!"

दिनानाथ भिंतीकडे तोंड करून उभा होता. रोज असाच उभा राहायचा. छातीभर पाण्यात उभं राहून खाडी अडवणारा माणूस, नखाएवढ्या सुईकडे बघायचं म्हटलं की डोळे गच्च मिटून घ्यायचा. मैनाला पहिल्या पहिल्यांदा हसू यायचं. दीड वर्षात ते कुठल्या कुठे पळालं होतं. आता ती दार लावायची, खिडकीवर लुगड्याचा पडदा ओढायची, फ्रिजमधल्या जवळ्याच्या डब्यात खाली दडवलेली बाटली काढायची आणि टोचून मोकळी व्हायची. वाळलेल्या जवळ्याच्या वासाने कोणी त्या डब्यात हात घालत नसे.

त्याने सदरा खाली ओढला आणि खुंटीवरची हाफपॅंट घेतली.

"थांबा," मैना म्हणाली. "भाकरी तव्यावर हाय. दोन घास खा न मंग जा."

"खांड पडलीय न मी भाकरी खात बसू?"

"सुई घेतलीय तुमी. डॉक्टर काय बोलला होता? सुई घेतली का अर्ध्या तासात पोटात काय तरी गेलं पायजे."

"हलू बोल!" त्याने आधी खिडकीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "गावाला ऐकवतेस काय?"

खांड पडली, म्हणजे बांध फुटून भगदाड पडलं, की घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, हा गावाचा नियम. अमावास्येच्या उधाणाने बांध फोडला आणि खारं पाणी भातात शिरलं, तर तीन वर्षं त्या शेतात भाताचं रोप उभं राहत नाही. जेसीबी त्या मऊ चिखलात उतरत नाही, सरकार तर त्याहून उतरत नाही. माणसांनीच जायचं. आणि दुसरा नियम असा की खांड भरेपर्यंत बांधावर कोणी अन्नाला तोंड लावायचं नाही. खाडी जेवायला बसली असताना आपण जेवलो तर ती उठत नाही, असं म्हातारे सांगायचे. दारू मात्र चालायची. दारू हे अन्न नव्हे, असा सोयीचा निकाल कोणत्या शहाण्याने कधी दिला देव जाणे, पण तो सगळ्यांनी मनापासून मानला होता.

खांडीच्या मधोमध, जिथे धार सगळ्यात जोरात असते, तिथे उभं राहायचा मान दिनानाथच्या घराचा. त्याच्या आधी त्याचा बाप उभा राहायचा.

मैनाने गुळाचा खडा कागदात बांधून त्याच्या हातात कोंबला. "गरगरलं का तोंडात टाका. चिखलात कोनाला दिसतंय?"

"दे," तो म्हणाला, फावडा खांद्यावर टाकला आणि निघाला.

त्याला या आजारापेक्षा त्याच्या नावाची भीती जास्त होती, आणि ती उगाच नव्हती. गावातल्या शिवदासचा पाय चार वर्षांपूर्वी साखरेने सडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. हा शिवदास म्हणजे मिठागरातला एकेकाळचा वाघ. पाय गेला आणि लोक त्याला 'साखऱ्या' म्हणायला लागले. लग्नात पंगतीला बसला की वाढपी मुद्दाम त्याच्यासमोर जिलबीचं ताट हलवून पुढे जायचे आणि पंगत हसायची. ते नाव दिनानाथनेच ठेवलं होतं, आणि हसायचाही तोच सगळ्यात मोठ्याने. मग दीड वर्षापूर्वी पेणच्या डॉक्टरने त्याच्यासमोर कागद ठेवला तेव्हा दिनानाथ हसला नाही. घरी येऊन त्याने मैनाकडून निकेतच्या गळ्याची आण घेतली. निकेत त्यांचा एकुलता एक मुलगा, बंदरावर ट्रेलर चालवतो. "कोनाला बोललीस तर पोराचं मडं बघशील," असं म्हणाला होता. असं बोलणाऱ्या बापाचं तोंड फोडावं असं मैनाला तेव्हा वाटलं होतं. पण आण तिने घेतली.

ज्येष्ठात एकदा साखर उतरली होती. त्याने कढीचं पातेलं भिंतीवर फेकलं, मैनाचा गळा दाबला आणि तिला चुलीपर्यंत फरफटत नेलं. गोड चहा पोटात गेल्यावर वीस मिनिटांनी तोच माणूस तिच्या गळ्यावरचे वळ बघून लहान पोरासारखा रडला होता. डॉक्टरने मग तिला एकटीला सांगितलं, साखर चढली तर उद्या या, उतरली तर उद्याची वाट बघू नका. जे हाताला लागेल ते गोड तोंडात घाला.

खांड बारा-चौदा हात रुंद झाली होती. ओहोटी होती तोवर गुडघ्याएवढं पाणी नुसतं वाहत होतं. पण नऊनंतर भरती चढणार, आणि अकराच्या आत ती बुजली नाही तर दुपारचं उधाण सगळा खार, बांधाआडची सगळी भातजमीन, गिळणार, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. साठ-सत्तर माणसं चिखलाची ढेकळं कापून हातोहात पुढे देत होती. तिवराचे खांब ठोकले जात होते, मागे पेंढ्याच्या गाठी आणि चिखलाने भरलेल्या गोणी पडत होत्या. बांधाच्या उंच जागी शिवदास काखेत कुबडी घेऊन बसला होता. पाय गेल्यापासून त्याला एकच काम उरलं होतं, रोवलेल्या काठीवर पाणी किती चढलं ते ओरडून सांगायचं.

"वीतभर चढला!" तो ओरडला.

दिनानाथ मधोमध उभा होता. त्याच्या डाव्या हाताला चुलतभाऊ हरेश्वर, दहा वर्षांनी लहान, मानेने रेड्यासारखा. बाटली फिरायला लागली तशी दिनानाथने कंबरेची स्वतःची चपटी काढली, दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि हाताने मिशी पुसली. चपटीत पाणी असायचं. दारू सोडल्याचं कळलं तर लोक कारण विचारणार, म्हणून दीड वर्ष हे सोंग चाललं होतं. सोंग इतकं चोख झालं होतं की कधीकधी तो पाणी पिऊन झिंगल्यासारखा चालायचाही.

"दादा आज सकालीच रंगात!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि रांग हसली.

साडेनऊला पाणी मांड्यांना लागलं. दिनानाथच्या ओठांना मुंग्या आल्या. मग जीभ जड झाली. अंगातून घाम फुटला, पण भिजलेल्या माणसाचा घाम कोण बघतो? गूळ आठवला. खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. निघताना ओट्यावर कोणी बघत असेल म्हणून त्याने तो खडा तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला होता, हे त्याला आठवलं, आणि लगेच विसरलंही. हातात आलेली गोणी त्याने घेतली आणि ती सुटली.

"दादा, सांभाल!"

दुसरीही सुटली. गोणी वाहत गेली आणि मागच्या खांबावर आपटली.

"दादा, तू भायेर हो," हरेश्वर म्हणाला. "जास्ती झालीय तुला. मी उभा रातो मधी."

तो चुकीचं काही बोलला नव्हता. पण दिनानाथला फक्त त्याचं तोंड हलताना दिसलं, मोठं, दात असलेलं, आणि मागून खाडीचा आवाज. त्याच्या डोक्यात त्या क्षणी मान नव्हता, बाप नव्हता, गाव नव्हतं. हे तोंड बंद झालं पाहिजे, एवढंच होतं. त्याने चिखलात रुतलेला फावडा उपसला आणि फिरवला.

पातं हरेश्वरच्या कानावरून घासत खांद्याला ओरखडून गेलं. अर्धा कान फाटून लोंबला. हरेश्वर ओरडलाही नाही, नुसता बसला, पाण्यात. त्याच्याभोवतीचं पाणी लाल झालं आणि धारेने ते रक्त शेताकडे ओढून नेलं. दिनानाथने फावडा पुन्हा उचलला. आता त्याच्यासमोर कोण आहे हेही त्याला कळत नव्हतं.

चौघांनी त्याला मागून धरलं. त्याने एकाच्या मनगटाचा लचका तोडला, दुसऱ्याच्या पोटात गुडघा घातला. मग मात्र लोकांनी हात राखले नाहीत. त्याला केसांना धरून बांधावर ओढलं. कोणी लाथ बरगडीत घातली, कोणी फावड्याच्या दांड्याने पिंढऱ्या फोडल्या. ज्यांच्या बांधाला तो तीस वर्षं छाती लावून उभा राहिला होता तेच मारत होते, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या दोघा-तिघांना ते आवडतही होतं.

"नशा उतरवा त्याची!"

त्याचं डोकं खाडीच्या पाण्यात दाबलं. बुडबुडे आले. वर काढलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा वर काढलं तेव्हा त्याच्या नाकातोंडातून चिखल गळत होता आणि हनुवटी थडथडत होती. त्याला तिवराच्या बुंध्याला नायलॉनच्या दोरीने बांधलं.

शिवदास वरून सगळं बघत होता. तो थडथडाट, ते काचेसारखे डोळे, तो घाम त्याने ओळखला. स्वतःच्या अंगावर भोगलेलं माणूस विसरत नाही. सदऱ्याच्या खिशात त्याची साखरेची पुडी होती, नेहमी असायची. तो हलला नाही. काठीकडे बघून ओरडला, "अजून चार बोटं!"

मैनाला गुळाचा खडा तुळशीच्या कट्ट्यावर दिसला तेव्हा त्याला मुंग्या लागल्या होत्या. तिने भाकरी, तो गूळ, डाळीचा डबा फडक्यात बांधला आणि ती पळत सुटली. बाईमाणसाने खांड भरायच्या आधी अन्न घेऊन बांधावर जायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. निसरड्या बांधावर ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा फडकं हातातून सुटून खाजणात गेलं आणि ती त्याच्यामागे कमरेपर्यंत चिखलात उतरली. हाताला नुसता चिखल लागला. ती तशीच बाहेर आली आणि धावली.

"सोडा त्याना!" लांबूनच ती ओरडली.

हरेश्वर बांधावर बसला होता. कोणीतरी त्याच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला होता आणि तो भिजून काळा झाला होता. "वयनी, बाजूला रा. पिऊन माज आलाय त्याला."

"पिले नाय ते!"

"आमी काय आंधले हाव? सगल्यांसमोर घेतली त्यानं."

"वास घेऊन बघा," मैना म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला कळलं की हे बोलायला नको होतं.

एकाने दिनानाथच्या कंबरेची चपटी उपसली, हुंगली, घोट घेतला आणि थुंकला. "आयला! पानी हाय यात. नुसता पानी!"

पिऊन मारलं तर दंड, माफी, नारळ, दोन दिवसांत विसरलं. पाणी पिऊन मारलं, याचा अर्थ वेगळा होता.

हरेश्वर उठला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजे सुद्धीवर मारलास मना. मधी उभा रायचा मान जाईल म्हनून मारलास." त्याने रक्ताने माखलेला तोच फावडा उचलला. "दादा म्हनत होतो मी याला."

मैना दोघांच्या मधे उभी राहिली. हरेश्वरने तिला एका हाताने ढकललं, ती तोंडावर आपटली. उठताना तिची नजर शिवदासवर गेली. तो तिच्याकडेच बघत होता. ती गुडघ्यांवर सरपटत त्याच्याकडे गेली.

"भाऊ, साखर द्या. तुमच्याकडं असनार."

"कशाला पायजे?" शिवदासने विचारलं.

"तुमाला ठाव हाय कशाला!"

"मना काय ठाव? मी लंगडा मानूस, पानी मोजतो." त्याने खिशावर हात ठेवला. "मोठ्यानं सांग. सगल्यांना ऐकू जाऊदे."

मैनाने मागे बघितलं. नवऱ्याची मान एका बाजूला पडली होती. हात दोरीत झटके देत होते. निकेत या वेळी ट्रेलरवर असेल, घाटात असेल, असं तिच्या मनात आलं. मग तिला शिवदासचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या आणेचा आला, आणि ती उभी राहून सगळ्या खाराला ऐकू जाईल असं ओरडली.

"साखर हाय त्याना! दीड वरीस झालं! रोज सुई टोचते मी त्याना! आज सुई घेऊन उपाशी आलेत, म्हनून असं झालंय. नशा नाय, माज नाय, आजार हाय! शिवदासभाऊला झाला तोच!"

शिवदासने खिशातून पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. "माजं नाव त्यानंच ठेवलं होतं," तो म्हणाला. त्याला आनंद झालेला दिसला नाही. एवढं पदरात पाडून घेतल्यावर व्हायला हवा होता, पण झाला नाही.

मैना नवऱ्याच्या छातीवर रेलली. पाणी पाजायचं नाही, ठसका लागतो, हे डॉक्टरने सांगितलेलं. तिने चिमटीने साखर त्याच्या गालात आणि हिरड्यांवर चोळायला सुरुवात केली. त्याने तोंड मिटलं. तिने नाक दाबून उघडलं. दुसऱ्या चिमटीला त्याचे दात तिच्या बोटावर बसले आणि सोडेनात. हाडाला दात लागलेले तिला कळले. ती किंचाळली नाही, दुसऱ्या हाताने साखर घालत राहिली. साखर, चिखल आणि तिचं रक्त, सगळं त्याच्या तोंडात एक झालं.

"दोरी कापा," हरेश्वर म्हणाला. फावडा त्याच्या हातातच होता, पण पातं खाली झुकलं होतं.

"हातभर चढला!" शिवदास ओरडला, आणि मग सगळ्यांना खाडी आठवली.

माणसं खांडीकडे पळाली. हरेश्वर फाटक्या कानाने मधोमध जाऊन उभा राहिला, कोणी त्याला सांगितलं नाही आणि कोणी अडवलंही नाही. गोणी पडत राहिल्या. पाणी छातीला लागलं, मग गळ्याला. शेवटचं ढेकूळ बसलं, आणि धार बारीक होत होत थांबली. लोक ओरडले. कोणी बांधावर आडवे पडले. घराकडून बायका भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन निघाल्या होत्या.

दिनानाथ तिवराला पाठ टेकून बसला होता. थरथर गेली होती. डोळ्यांत ओळख आली होती. त्याने आधी स्वतःच्या मनगटावरचे दोरीचे वळ बघितले, मग मैनाचं फडक्यात गुंडाळलेलं बोट, मग हरेश्वरचं डोकं. त्याला थोडं थोडं कळत होतं. मैना त्याच्या कपाळावरचा चिखल पदराने पुसत होती. तिला वाटलं, आता हा रडेल. रडला तर मीही रडेन, आणि मग घरी जाऊ.

"बरं वाटतंय?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. लोक जवळ येऊन उभे राहिले, अंतर ठेवून, देवळात अंगात आलेल्या माणसाभोवती उभे राहतात तसे. मागून कोणीतरी दुसऱ्याला हलक्या आवाजात म्हणालं, "म्हंजे आता गावात दोन साखऱ्या झाले," आणि एकजण फसकन हसला.

दिनानाथने ते ऐकलं. त्याने मैनाच्या मांडीवर पडलेली रिकामी पुडी बघितली. मग शिवदासकडे बघितलं.

"तू सांगितलंस?" त्याने मैनाला विचारलं.

"सांगितलं."

"सगल्यांसमोर?"

"मेला असतात तुमी."

तो सावकाश उठला. तिवराला धरून, पाय घट्ट रोवून. मैनाही त्याला आधार द्यायला उठली. त्याने हात मागे नेला, नीट नेम धरला आणि तिच्या कानाखाली अशी मारली की ती बांधावरून खाली चिखलात गेली.

"पोराची आन घेतली होतीस," तो म्हणाला. शब्द अगदी स्वच्छ होते.

हरेश्वर धावत आला. त्याने दिनानाथला मागून मिठी मारून धरलं, पण या वेळी हळू, आजारी माणसाला धरावं तसं. "हात लावू नका त्याला," तो बाकीच्यांना म्हणाला. "त्याचा दोष नाय. अजून उतरलेली असंल. वयनी, घाल अजून साखर."

शिवदासने दुसऱ्या खिशात हात घातला.

मैना चिखलातून उठली. ओठातून रक्त येत होतं, ते तिने पुसलं नाही. ती बांधावर चढली, नवऱ्यासमोर उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यानेही बघितलं, पापणी न हलवता.

"नको," ती हरेश्वरला म्हणाली. "साखर आता बरोबर हाय. आता हे सुद्धीवर हायेत."